शिफारसपत्रातली एक ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या कॉलेजातल्या एका मुलाचं इंजिनिअरिंग मी सूड म्हणून अडवलं. रागाच्या भरात नाही. आठ महिने थांबून, नीट विचार करून.

तलासरीच्या रस्त्यावरचं आमचं कॉलेज मुळात आर्ट्सचं. मी तिथे समाजशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी नवा अभ्यासक्रम आला: तीन वर्षं आमच्याकडे इतिहास, साहित्य, समाजशास्त्र आणि जोडीला गणित-भौतिकशास्त्र, मग दोन वर्षं मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात. शेवटी दोन्ही पदव्या. जागा थोड्या, आणि मार्कांइतकंच वजन शिक्षकाच्या शिफारसपत्राला. मुंबईच्या कॉलेजला यंत्र बनवण्याआधी माणसांना विचारणारी मुलं हवी होती. विचारायचं कसं, हे शिकवणारा मी.

त्या वर्षी प्रकल्पासाठी मी मासळी सुकवायची पेटी सुचवली, आराखडाही माझाच. वर काच, आत काळा पत्रा. मी धाकट्या डहाणूचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. मला कुणाला विचारायची गरजच वाटली नाही. तो मुलगा चिंचणीचा, आई सुकी मासळी विकणारी. तरी तो महिनाभर मासळी सुकवणाऱ्या बायकांमध्ये जाऊन बसला.

सादरीकरणाला मुंबईचे प्राध्यापक आले होते, माझ्या गावच्या बायकाही. पेटी उघडली तर बोंबील मऊ पडलेले, पाणी सुटलेलं.

तो शांतपणे म्हणाला, "बोंबलाला नुसतं ऊन चालत नाही, वारा लागतो. म्हणून जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगतात. सरांच्या पेटीत त्याचं कालवण झालंय."

"कालवणाचं मीठ चाखून बघितलंस का रे?" मागून माझी आत्या त्याला म्हणाली. "सर झाल्यापासून किनाऱ्यावर येतोय कुठे हा?"

प्राध्यापक डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसलो, आणि हसताहसताच ठरवलं.

मग त्याचा अहवाल तीनदा परत लिहायला लावला. वर्गात तो हात वर करायचा, मी खिडकीबाहेर बघायचो. एवढ्याने पोट भरेना. शिफारसपत्राची वेळ आली तेव्हा मी दार लावून बसलो. चांगलंच लिहिलं, म्हणजे संशय येऊ नये इतपत. कष्टाळू, हुशार, गणित उत्तम. आणि शेवटी एक ओळ: "मात्र माणसांचं ऐकून घेण्याची सवय नाही." कुठे मारलं की उठता येणार नाही, हे मला नेमकं माहीत होतं. लिफाफा बंद करताना बरं वाटलं. त्या दिवशी घरी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या समाधानाची चव अजून आठवते, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

त्याला जागा मिळाली नाही. आमची पदवी तेवढी हातात आली. निकालानंतर तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. चप्पल बाहेर काढून.

"सर, माझं काय कमी पडलं?"

"तिथे चढाओढ फार असते," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पत्र दिल्याबद्दल माझे आभार मानले.

आता तो तारापूरच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याची आई बाजारात भेटली की टोपलीतले चांगले बोंबील निवडून पिशवीत घालते, पैसे घेत नाही. सरांनी पोरासाठी किती केलं, असं शेजारणीला सांगते. मी पिशवी घेतो. घरी आणतो. खातोसुद्धा.

ती ओळ त्या वर्षी एकाच माणसाला लागू होती, आणि तो सही करत होता.

मुंबईच्या कॉलेजला ती ओळ खोटी होती असं माझ्या सहीने कळवणं, आणि त्याआधी चिंचणीला जाऊन त्याला व त्याच्या आईला समोरासमोर सांगणं, एवढं मी देणं लागतो. यातलं अजून काहीही केलेलं नाही.