केळझरच्या पायरीवर भेटलेला राग

त्या दिवशी मी केळझरच्या गणपतीला गेले ती हात जोडायला नव्हे, भांडायला. वजन कमी करण्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा काही महिने झाले होते. साखर आटोक्यात आली होती, गुडघे दुखायचे थांबले होते; पण गेले कित्येक दिवस पोटात अन्न ठरत नव्हतं. दोन घास खाल्ले की उलटी. जीवनसत्त्वांच्या गोळ्यासुद्धा तशाच बाहेर यायच्या. मग पायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला.

बोरगाव मेघेच्या आमच्या घरात याचं कुणाला काही वाटत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "देवानं देल्लं पोट कापून घेतलं, आता काऊन रडून राह्यली?" नवरा वाईट नाही, पण आईपुढे गप्प. जवळच्या डॉक्टरांनी मान वर न करता गॅसची गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "मन शांत ठेवा." जाड होते तेव्हा लोक म्हणायचे, तोंडावर ताबा नाही. बारीक झाले तर म्हणाले, सोपा मार्ग धरला. आणि आजारी पडले तर म्हणे मनाचे खेळ! बाईचं शरीर म्हणजे गावच्या चावडीवरचा विषय आहे का?

या संतापातच मी एकटी एसटीत बसले. टेकडीच्या पायऱ्या चढताना मनात एकच चाललं होतं : लहानपणापासून तुझे उपास केले, आणि तू बघत बसलास? अर्ध्या वाटेत पाय मेणासारखे झाले. समोरची पायरी दोन-दोन दिसू लागली. मी तिथेच बसले. माणसं बाजूने जात होती. "भोवळ आली असंल, उपास असंल," म्हणत कुणी पाण्याची बाटली ठेवून पुढे गेलं.

तेवढ्यात वरून उतरणाऱ्या एक बाई थांबल्या. माझ्याच वयाच्या, निळ्या काठांची साडी. त्यांची शेजारीण नवस फेडायला आली होती, तिच्यासोबत त्या आल्या होत्या. माझ्याजवळ बसून त्यांनी विचारलं, "काय होऊन राह्यलं तुमाले?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारला. मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, उलट्या, मुंग्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

"माह्या बहिणीचं बी हेच ऑपरेशन झालतं. तिच्याबी अशाच उलट्या, असेच पाय. तिले बी सगळे म्हनत, नाटकं करते. तिले दवाखान्यात न्याले उशीर झाला, बाई. उठा. देव कुठी जात नाई, आधी दवाखान्यात चला."

शेजारणीच्या मुलाची गाडी होती. दोघींनी मला जवळजवळ उचलूनच खाली आणलं. मोठ्या दवाखान्यात तातडीच्या विभागात एक कर्मचारी म्हणाला, "चक्करच आहे ना, बसा तिकडे." तेव्हा त्या बाईंचा आवाज असा चढला की सगळे वळून पाहू लागले. "बसनार नाई! या बाईचं आजपर्यंत कोनी ऐकलं नाई. तुमी तरी पुरं ऐका!"

तरुण डॉक्टर आल्या. त्यांनी पुरं ऐकलं, डोळे तपासले, पाय तपासले आणि लगेच शिरेतून जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सुरू केलं. म्हणाल्या, "याची कमतरता मेंदूपर्यंत पोचते. वेळेत आलात." निरोप मिळताच नवरा धावत आला. त्याला बघून त्या बाई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, घरी गेल्यावर बायको बोलली का आयकत जाजा."

दुहेरी दिसणं लवकर गेलं, पायांना बरेच महिने लागले. चालता येऊ लागल्यावर मी नवऱ्यासोबत हिंगणीला त्या बाईंच्या घरी गेले. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो होता, त्याखाली खुर्चीत त्यांची बहीण बसली होती. "गणपतीनंच तुम्हाला पाठवलं," असं म्हणायचं मी वाटेत ठरवलं होतं. त्या बहिणीकडे पाहिलं आणि ते शब्द गिळले. मला माणूस पाठवलंस, मग हिला का नाही? याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही, आणि त्याबद्दलचा माझा रागही गेलेला नाही.

पण एक कळलं. शरण जाणं म्हणजे गप्प बसून सोसणं, हे मला शिकवलेलं खोटं होतं. माझ्यासाठी कृपा शांत चेहऱ्याने आली नाही, ती चिडून आली, भर दवाखान्यात ओरडली. आणि मी तेव्हा एवढंच केलं, की त्या अनोळखी हातांवर माझा सगळा भार टाकला.

आम्ही निघालो तेव्हा ती बहीण म्हणाली, "थांबा, मी येतो दारापावतर." मी हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला आणि ती उभी राहिली. माझे पाय अजून पुरते भरवशाचे नव्हते, तिचे तर नव्हतेच. तरी आम्ही दोघी एकमेकींना धरून, सावकाश, दारापर्यंत गेलो.