कोमट तळ्याचा बर्फ

आमच्या ह्यांच्या वर्षश्राद्धाला मुलगा यायचा होता. तो अमेरिकेत, एका अवाढव्य तळ्याकाठच्या शहरात नोकरीला. निघायच्या दिवशी आपल्याकडच्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आई, यायचं काही खरं नाही. बर्फ सुरू झालाय."

"आत्ता कुठे दिवाळी झाली, आणि बर्फ?"

"तळं अजून कोमट आहे गं. त्याच्यावरून गार वारा आला की वाफ उचलतो आणि एकाच पट्ट्यात बर्फ ओततो. बाजूच्या गावात ऊनसुद्धा असेल."

कोमट तळं आणि त्याचा बर्फ! मुंबईत शीवच्या ऑफिसात मी तीस वर्षं काढली. पावसाळ्यात "साहेब, तिकडे ऊन असेल, पण आमच्या डिलाईल रोडला कंबरभर पाणी," असं सांगून कोरड्या चाळीत बसून मी पुरणपोळ्या लाटल्यात. चोराच्या मनात चांदणं म्हणा हवं तर, पण बहाणा कसा शिजतो ते मला कुणी शिकवू नये. वडिलांच्या अंत्यविधीलाही हा पोचला नव्हता.

शेजारच्या वहिनींची भाची त्याच्यापासून अर्ध्या तासावर राहते. वहिनींनी तिला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या खिडकीत लख्ख ऊन. वहिनींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. ते जास्त झोंबलं.

मी मुलाला पुन्हा फोन लावला. "खोटं बोलायचं तर नीट बोल. बापाच्या पिंडापेक्षा बर्फ मोठा झाला तुला?"

"बाहेर पडू नका म्हणून सांगतायत, आई."

"कोण सांगतंय? बायको?"

शेवटी तो म्हणाला, "निघतो."

कशी जिरवली, असं वाटलं मला. भटजींना कळवूनही टाकलं.

दोन तासांनी त्याचा व्हिडिओ आला. गाडीच्या काचेपलीकडे नुसतं पांढरं. पहिल्यांदा मनात आलं, असले व्हिडिओ कुठूनही उचलता येतात. खरंच आलं, कशाला लपवू? मग आवाज वाढवला. "हायवेवर अडकलोय. पुढचा ट्रकसुद्धा दिसत नाही. बॅटरी संपत आलीय." मी लगेच फोन लावला, तो बंद. त्यानंतर कितीदा लावला ते मोजलं नाही. त्याला बाहेर मी काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. रस्ता साफ करणाऱ्यांनी गाडी उकरून काढली होती. विमान केव्हाच गेलं होतं.

"घरी पोचलो," म्हणाला.

मी म्हटलं, "व्हिडिओ कॉल कर. बघू दे."

"अजून पटत नाही, आई?"

मला फक्त त्याचा चेहरा बघायचा होता. पण हे आता त्याला कसं पटावं?