जाईबाईंचं भूतान

माझे सासरे बन्सीमामा कडा गावच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त झाले आणि आम्हाला घर नकोसं करून सोडलं. जन्मभर हाताखालच्या माणसांना हुकूम सोडलेले. आता ते सगळे हुकूम आमच्या वाट्याला.

शहाण्णव साली वस्तीवर केबल आली आणि मामांनी टीव्हीवर भूतान पाहिलं. डोंगरात विहार, राजापासून हमालापर्यंत सगळे बुद्धापुढे वाकलेले.

"सबंद मुलूख आपला हाय," मामा म्हणाले. "तितं कुनी जात इच्यारत न्हाई. आपन जायचं."

लहानपणी लोकांच्या विहिरीवर, वरून कुणी ओतेल तेव्हा ओंजळीनं पाणी प्यालेला हा माणूस. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही.

मग बेत सुरू झाला. एसटीडी बूथवरून कलकत्त्याच्या गाडीची चौकशी झाली. नगरहून आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासूसाठी, स्वेटर आला, तोही मामांच्या मापाचा. आत्याबाई भाकरी थापत ऐकत राहिल्या.

पौर्णिमेला विहारात एक भंतेजी आले. ते भूतान पाहून आलेले. मामांनी उत्साहानं विचारलं, तर ते सहज म्हणाले, "तिथं घराघरात देव्हारा असतो. मधोमध बुद्ध, आणि शेजारी त्यांचे जुने डोंगरदेव. रक्षण करतात म्हणे."

मामांचा चेहरा उतरला. घरी येताच त्यांनी स्वेटर ट्रंकेत कोंबला.

"बुद्धाशेजारी देव? मग आपन कावून सोडले? न्हाई जायचं!"

"मला जायचंय," आत्याबाई म्हणाल्या.

मामांनी वळून पाहिलं. मीही हातातलं काम थांबवलं.

"लगीन झालं तवा आईनं देवीचा टाक दिल्ता मला, चांदीचा, पदरात बांधून. तुमी दीक्षा घिऊन आलात अन् त्यो डोहात टाकला. टाकायचाच होता, मला कळतंय. म्या बी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, त्या मोडायच्या न्हाईत मला. पन आईचं तेवडंच होतं माज्यापाशी. तुमी इच्यारलं न्हाई. तितल्या बायांना जुनं कसं ठिऊ दिलं, तेवडंच बगायचंय."

आत्याबाईंच्या तोंडून एका दमात इतकं मी कधी ऐकलं नव्हतं. आता मामा भडकणार, असं वाटलं. पण त्यांनी ट्रंक उघडली, स्वेटर काढून मांडीवर घेतला.

"जाई," ते हळूच म्हणाले, "कवा निगायचं? तू सांग."

आत्याबाई गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. चाळीस वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.