सात मिनिटं पुढचं घड्याळ

काचेच्या छताखालचा तो जुना बाजार दोन्ही टोकांना उघडा होता. एका टोकाला मोठा रस्ता, दुसऱ्या टोकाला रेल्वे स्टेशन, आणि मधे समोरासमोर दुकानं. हातमोजे, टोप्या, अत्तरं, पेनं, आणि अगदी मध्यावर, घड्याळाच्या खाली, छत्र्यांचं. कागदोपत्री त्याला आर्केड म्हणत. तिथे पोट भरणारे मात्र नुसतं 'काचेखाली' म्हणत. कुठे असतोस हल्ली? काचेखाली. झालं, पत्ता कळला.

तर ते घड्याळ. लोखंडी कमानीत बसवलेलं, परातीएवढं, आणि सात मिनिटं पुढे. बिघडलेलं नव्हतं हो! मुद्दाम तसं ठेवलेलं. बाजार नवा होता तेव्हा गाडीला निघालेली माणसं दुकानांत रेंगाळायची, गाडी चुकली की परत येऊन दुकानदारांच्या नावाने खडे फोडायची. शेवटी एका दुकानदाराने वैतागून काटे पुढे सरकवले, ते शंभर वर्षं तसेच राहिले. गिऱ्हाईक वर बघून दचकायचं, धावत सुटायचं आणि स्टेशनवर गाडीची वाट बघत बसायचं. काचेखालची माणसं मात्र मनातल्या मनात सात वजा करायची. कुणी शिकवत नसे. महिनाभर तिथे बसलं की डोळेच वजाबाकी करायला लागायचे.

छत्रीवाले काका तर तिथे एकेचाळीस वर्षं बसलेले. काड्या बदलायच्या, दांडे बसवायचे, आणि दुरुस्त झालेली छत्री तीनदा उघडून मिटून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही. तोंड फटकळ. "ही छत्री आहे साहेब, कुत्री हाकलायची काठी नाही," असं भल्याभल्यांना सुनावायचे. मागच्या बाजूला मशीनवर कापड शिवायला काकू. "छत्र्यांशी बोलता त्याच्या निम्मं माझ्याशी बोलला असतात, तर सोनं झालं असतं," असं त्या म्हणायच्या, आणि काका ऐकू न आल्यासारखं करायचे. मनगटी घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. डोक्यावर एवढं मोठं असताना हाताला कशाला आणखी एक?

मग बाजाराला वारसा वास्तूचा मान मिळाला आणि दुरुस्तीसाठी आठ महिने सगळी दुकानं बंद झाली. त्याच आठ महिन्यांत काकूंच्या हृदयाने दगा दिला. जिना चढताना धाप लागायची, ती पुढे बसल्याजागी लागायला लागली. ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटल बाजारापासून दहा मिनिटांच्या चालीवर. काका आठवडाभर तिथल्याच बाकावर झोपले, आणि नेमका ऑपरेशनचाच दिवस दुकानं ताब्यात द्यायचा निघाला.

"जाऊन सही करून या," काकू म्हणाल्या.

"मसणात गेलं दुकान. मी हलणार नाही."

"आठ महिने डोकं खाल्लंत माझं दुकान दुकान करून. जा. अकरा वाजता नेणार आहेत मला, त्याच्या आत परत या म्हणजे झालं." मग जरा थांबून हळूच म्हणाल्या, "पण या हं नक्की. मला भीती वाटते. गुंगीचं औषध द्यायच्या आधी तुमचं तोंड दिसू दे."

"न यायला काय झालं?" काका म्हणाले. परगावी असलेल्या मुलीचा फोन येणार होता, म्हणून मोबाइल त्यांनी काकूंच्या उशाशी ठेवला आणि ते निघाले.

बाजारात पाऊल टाकलं आणि काका बघतच राहिले. छताची काच धुऊन पुसून लख्ख केलेली. एकेचाळीस वर्षांत खाली न पोचलेलं ऊन फरशीवर पसरलेलं. सही झाली, किल्ली मिळाली. काकांनी वर पाहिलं. पावणेअकरा. म्हणजे दहा अडतीस. पावणेअकराला निघालं तरी पुष्कळ. हातात सात मिनिटं होती.

ती त्यांनी दुकानात घालवली. कुलूप उघडलं, काउंटरवरून हात फिरवला, काकूंच्या मशीनवरचं फडकं काढून मशीन पुसलं. मशीनवर ऊन पडत होतं. आता सुई ओवायला दिवा लागणार नाही, हिला सांगायचं, असं म्हणत त्यांनी कुलूप लावलं आणि घड्याळात दहा बावन्नला, बरोबर हिशेबाने, ते बाहेर पडले.

हिशेब चुकला नव्हता. घड्याळ चुकलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी दुरुस्तीवाल्या इंजिनिअरने ते अगदी सेकंदाबरहुकूम लावून दिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. भिंतीवर सूचनाही चिकटवली होती. आठवडाभर हॉस्पिटलच्या बाकावर असलेल्या माणसाला ते कोण सांगणार?

काका पोचले तेव्हा पलंग रिकामा होता.

"आत्ताच नेलं हो," नर्स म्हणाली. "थांबवलं असतं, पण डॉक्टर तयार होते. काकूंनी दोनदा विचारलं, आले का म्हणून. मी दारापर्यंत जाऊन बघूनही आले."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दोन मिनिटं. आपसूक त्यातून सात वजा झाले, दहा पंचावन्न आले, आणि मग काय झालंय ते त्यांच्या ध्यानात आलं. ते बंद दारासमोर जाऊन उभे राहिले. कुणी बसा म्हटलं तरी बसले नाहीत, चार तास. दार उघडून डॉक्टर बाहेर आले, तेव्हा त्यांना बोलायची गरजच पडली नाही.

हातमोजेवाली शेजारीण संध्याकाळी आली. सगळं ऐकून इंजिनिअरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तिने. काका म्हणाले, "त्याचं काय चुकलं गं? घड्याळ बरोबर लावणं हे काय पाप आहे? पावणेअकराला सही झाली तेव्हाच पळत सुटायला हवं होतं मी. बायको घाबरली होती आणि मी मशीन पुसत बसलो." एवढं बोलून ते ढसाढसा रडले. ते रडलेले तिने कधी पाहिले नव्हते.

मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे पोचली. प्रवासभर रडून डोळे सुजलेले. बापाचे दोन्ही हात धरून तिने एकच विचारलं.

"बाबा, आत नेताना तुम्ही होतात ना आईजवळ? फोनवर म्हणाली, बाबा येतायत, मग मला भीती नाही. होतात ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षं गिऱ्हाइकाला फाटकी छत्री चांगली म्हणून न विकलेला माणूस तो.

"होतो की," ते म्हणाले.

"काही बोलली का?"

काकांनी तिचे हात आणखी घट्ट धरले.

"म्हणाली, वेळेवर आलात."

मुलीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. ते तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.