चाकाखालचा लाकडी ठोकळा

ती घटना आठवायला मला डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातल्या निम्म्यांचे तपशील आता पुसट झालेत. ही तर साधी अपघाताची केस. ठाण्यात अशा केसला आम्ही 'किरकोळ' म्हणायचो. माणूस मेला तरी किरकोळच. नावं कुणाचीही देणार नाही, ती देऊन आता कुणाचं भलं व्हायचं राहिलेलं नाही.

मी तेव्हा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्याला सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. ठाणे अंमलदाराकडे फोन आला की गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत झाडूवाली बाई पिकअपखाली सापडली. दोन अंमलदार घेऊन मी निघालो. पोचलो तोवर बाईला दवाखान्यात हलवलं होतं, पण ती जागेवरच गेली होती असं उचलणाऱ्यांनीच सांगितलं.

जागा समजून घ्या. कंपनीच्या मागच्या बाजूला माल चढवायचा धक्का. त्या धक्क्याकडे उतरत जाणारा सिमेंटचा रॅम्प. पिकअप रॅम्पच्या वर, मागची बाजू धक्क्याकडे करून, आपला नंबर यायची वाट बघत उभी होती. खाली धक्क्याच्या भिंतीपाशी ती बाई झाडत होती. गाडी सुटली, उतारावरून मागे आली आणि बाई भिंतीत चिणली गेली. गाडीत त्या वेळी कोणी नव्हतं.

ड्रायव्हर भिंतीला टेकून बसला होता. परभणीकडचा माणूस, चाळिशीच्या आसपास, दोन पोरींचा बाप. मला बघून उठला आणि एकच धोशा लावला, "साहेब, हँडब्रेक ओढला होता बघा. ठोकळा बी लावला होता मागच्या चाकाला. पोरींची शपथ."

अपघातातला प्रत्येक ड्रायव्हर ब्रेक लावला होता असंच म्हणतो. पंचवीस वर्षं तेच ऐकत होतो. मी चाकाखाली बघितलं, रॅम्पवर बघितलं, ठोकळा कुठेच नव्हता. मग त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली आणि म्हणालो, खोटं बोलायचं तर निदान नीट बोल. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, हे त्याहून वाईट.

आता पंचनाम्याचं सांगतो. नियमानं तो जागेवर उभं राहून करायचा. पण ऊन होतं, आणि कंपनीचे लोक अगत्याचे. आम्हाला मीटिंगच्या खोलीत नेलं, एसी लावला, चहा आणि बिस्किटं आली. पंच कोण? कंपनीनंच दिले. एक कार्यालयातला कारकून, दुसरा स्टोअरचा माणूस. बाहेरचा पंच शोधत फिरायला कुणाला वेळ आहे? आमच्या हवालदारानं सराईत हातानं लिहिलं, 'वाहनाच्या चाकाखाली अगर आजूबाजूस कोणताही अडथळा, दगड अगर ठोकळा आढळून आला नाही.' ओळ खरीच होती. मी वाचली आणि खाली सही केली.

त्या दिवशी कंपनीत ऑडिट होतं. बड्या गिऱ्हाईक कंपनीचे लोक सगळा प्लांट बघायला आले होते. सेफ्टी ऑफिसर पोरगेलासा, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. त्यानं मला गेटजवळचा एक स्टँड दाखवला. त्यावर गाडीच्या चाकाला लावायचे पिवळे रबरी स्टॉपर नंबर टाकून ओळीत मांडले होते. आमच्याकडे सगळी सोय आहे सर, ड्रायव्हर लोक वापरत नाहीत, असं तो म्हणाला. मला ते पटलं. एकाही स्टॉपरवर धूळ नव्हती की टायरचा डाग नव्हता, आणि ते मला तेव्हा खटकलं नाही.

भारतीय दंड संहितेच्या ३०४ अ कलमाखाली, म्हणजे निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा, गुन्हा दाखल केला. तेव्हा जुनाच कायदा होता. मोटार वाहन निरीक्षकानं गाडी तपासली. हँडब्रेक जवळजवळ निकामी, असा अहवाल आला. केबल ताणून सैल झालेली आणि लीव्हरचे दात झिजलेले. मला समजावून सांगताना तो म्हणाला, लीव्हर वर राहतो, माणसाला वाटतं ब्रेक लागला, पण शेजारून फोर्कलिफ्ट धडधडत गेली तरी दात सुटू शकतो.

मग मी गाडीच्या मालकाला बोलावलं. निगडीचा माणूस, अशा सात-आठ गाड्या कंपन्यांना लावलेल्या. त्यानं सरळ कानावर हात ठेवले. ड्रायव्हर कधी काही बोललाच नाही म्हणाला आणि पुढे कागद टाकला. गेटवर रोज भरायची तपासणी यादी. हॉर्न ठीक, दिवे ठीक, हँडब्रेक ठीक. प्रत्येक दिवशी बरोबरची खूण, खाली ड्रायव्हरची सही. अपघाताच्या सकाळचीसुद्धा.

ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, खूण नसली तर गाडी आत घेत नाहीत. मालकाला तीनदा सांगितलं होतं. मालक म्हणायचा, आरटीओच्या पासिंगला आवळून देऊ, तोवर ठोकळा लाव ना भावा, सगळेच लावतात. हे मात्र मला ठाऊक होतं. पासिंगच्या आदल्या दिवशी गॅरेजमध्ये हँडब्रेक कडक आवळायचा, तपासणीत पास करून घ्यायचा आणि नंतर चाक जड फिरतं, डिझेल जास्त खातं म्हणून परत ढिला करायचा. या पट्ट्यात ही रीतच आहे. मी त्याला विचारलं, मग गिअरमध्ये का नाही ठेवलीस? तर कंपनीचा नियम. आग लागली तर ढकलून बाहेर काढता यावी म्हणून रॅम्पवरची गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि चावी गेटवरच्या केबिनमध्ये जमा करायची.

एवढं ऐकूनही मी दोषारोपपत्राची तयारी चालू ठेवली. कागद सगळे एका बाजूला होते, आणि दुसऱ्या बाजूला फक्त त्याची पोरींची शपथ.

ठोकळ्याची खबर आली ती अशी. कागदपत्रं हरवल्याचा दाखला घ्यायला एक पिकअपवाला ठाण्यात आला होता. दाखला हातात पडल्यावरही तो घुटमळत राहिला. मी म्हटलं, काय राव, आणखी काही हरवलंय का? तो हळूच म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी त्याच्या मागं रांगेत होतो. ठोकळा लावताना मी बघितलाय. माल ठेवायच्या जुन्या पॅलेटच्या लाकडाचा, ओढायला पट्टी ठोकलेला. तो गेला कुठं, हे कंपनीला विचारा ना." लेखी जबाब देशील का, म्हटल्यावर त्यानं हात जोडले. त्याच गेटमधून त्याला रोज आत जायचं होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. कंपनीनं आम्हाला कॅमेऱ्याचं चित्रीकरण दिलं होतं ते अपघाताच्या आधीची पाच मिनिटं आणि नंतरची दहा. आम्हीही तेवढ्यावर समाधान मानलं होतं. आता आधीचा अर्धा तास मागितला तर उत्तर आलं, पंधरा दिवसांनी जुनं चित्रीकरण आपोआप पुसलं जातं. आणि गुन्हा घडून अठरा दिवस झाले होते.

त्या सकाळी रॅम्पवर कुणाची ड्यूटी होती हे हजेरीपटावरून काढलं. वॉचमन. राजगुरुनगरच्या पुढचा, पन्नाशी उलटलेला, गावची जमीन कंपन्यांना गेलेली आणि त्याच कंपन्यांच्या गेटवर आता उभा. त्याला दोनदा ठाण्यात बोलावलं. दोन्ही वेळा बरोबर कंपनीचा माणूस आला आणि वॉचमन मूग गिळून बसला. तिसऱ्या वेळी मी साध्या कपड्यांत त्याच्या घरी गेलो. माझा अनुभव असा की माणूस ठाण्यात घाबरून खोटं बोलतो आणि घरी बायकोसमोर लाजून खरं बोलतो.

ओसरीवर बसलो, पाणी घेतलं आणि एक थाप मारली. म्हटलं, पुसलेलं चित्रीकरण परत काढता येतं, मी ते बघितलंय, त्यात तुम्ही गाडीच्या मागे जाताय आणि हातात काहीतरी घेऊन येताय. आता तुमच्या तोंडून ऐकायला आलोय.

त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "व्हय साहेब. म्याच काढला."

त्या सकाळी सेफ्टी ऑफिसरनं सगळ्या वॉचमनना उभं करून सांगितलं होतं, आज रॅम्पवर दगड, लाकूड, फडकं, काही म्हणजे काही पडलेलं दिसता कामा नये, दिसलं तर ऑडिटमध्ये गुण कापले जातील. मग पिवळे स्टॉपर तरी लावावेत? तर ते स्टँडवर पूर्ण संख्येनं दिसायला हवेत, हलवायचे नाहीत. ऑडिटवाले शेडच्या कोपऱ्यावर आले तसा सेफ्टी ऑफिसरनं लांबूनच बोटानं ठोकळा दाखवला. वॉचमननं तो काढला. गाडी जागची हलली नाही, हँडब्रेकनं तेवढ्यापुरतं धरलं होतं, म्हणून त्यालाही काही वाटलं नाही. ठोकळा मोडक्या पॅलेटच्या ढिगात टाकला आणि पुढच्या भंगाराच्या गाडीबरोबर तो गेला. दहाएक मिनिटांनी गाडी सुटली. ती बाई तिथे झाडत होती तीसुद्धा ऑडिटसाठीच, एरवी तिची जागा कॅन्टीनच्या बाजूला होती.

मी विचारलं, नाही म्हणता आलं नाही?

"न्हाई म्हनायची सोय हाय का आमाला? जिमीन बी त्यांचीच, नोकरी बी त्यांचीच."

मी त्याचा जबाब घेतला. त्याला आरोपी केलं नाही, साक्षीदार ठेवलं, कारण माझा रोख त्याच्यावर नव्हता. ज्यानं हँडब्रेक दुरुस्त केला नाही तो मालक आणि ज्यानं बोट दाखवलं तो सेफ्टी ऑफिसर, हे दोघे मला आरोपीच्या रकान्यात हवे होते. पोलिसांपुढचा जबाब साक्षीदार कोर्टात सहज फिरवतो. म्हणून अशा साक्षीदाराचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घ्यायचा असतो, हे मला कालच भरती झालेल्या शिपायाइतकं तरी माहीत होतं. मी त्यासाठी पत्र तयार केलं. त्याच आठवड्यात बंदोबस्त लागला, मग दुसरा बंदोबस्त, मग एक खून. पत्र माझ्या टेबलावर पडून राहिलं. वरिष्ठांना मालक आणि सेफ्टी ऑफिसरचं बोललो तर ते म्हणाले, पुरावा काय? एका वॉचमनचं तोंड? ठोकळा कुठाय? तुझाच पंचनामा म्हणतो ठोकळा नव्हता.

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दोषारोपपत्र एकट्या ड्रायव्हरवर गेलं. वॉचमनचा जबाब मी त्याला जोडला, तेवढंच माझ्या हातात होतं. खटला उभा राहीपर्यंत वॉचमनचा पुतण्या त्याच कंपनीत कायम झाला होता. वॉचमन साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, पोलिसांनी काय लिहून घेतलं मला ठाऊक नाही, ठोकळा मी बघितलाच नाही. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही. मला त्याचा राग आला, पण तो पुरता काही येईना.

नंतर माझी साक्ष झाली. ड्रायव्हरच्या वकिलानं विचारलं, ठोकळा होता असं तुमच्या तपासात निष्पन्न झालं ना? मी हो म्हणालो. सरकारी वकिलानं पंचनामा हातात दिला आणि विचारलं, ही सही तुमची का? मी हो म्हणालो. दोन्ही उत्तरं खरी होती, पण न्यायाधीशांना कागदावर बसलेलं एकच दिसत होतं, आणि त्यांची त्यात चूक नाही. तपासणी यादीवरची रोजची खूणही त्यांनी वाचून दाखवली. ड्रायव्हरला सहा महिने कैद आणि दंड झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत शिकलो होतो, पण त्या दिवशी फाशीचा दोर मी वळलेला होता.

निकालानंतर व्हरांड्यात बाईचा नवरा भेटला. तो हिंजवडीजवळच्या माण गावात गवंडीकाम करायचा. त्यानं मला नमस्कार केला आणि आभार मानले, गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणून. त्याला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. ड्रायव्हरला शिपाई घेऊन निघाला होता. तो माझ्यासमोर थांबला. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. म्हणाला, "साहेब, तुम्ही खरं शोधलं, ते मी बघितलं. पण लिहिलं तुम्ही आधी, अन् शोधलं नंतर."

कानाखाली मारलेल्या माणसाची माफी मागायची ती शेवटची वेळ होती, आणि मी गणवेशात होतो म्हणून मागितली नाही.

निवृत्तीनंतर नव्या पोरांना व्याख्यान द्यायला बोलावतात. ती पोरं विचारतात, सर, तपासात सगळ्यात महत्त्वाचं काय? त्यांना दरोड्याचे, पाठलागाचे किस्से हवे असतात. मी त्यांना सांगतो, पंचनामा जागेवर उभं राहून करा, पंच बाहेरचा घ्या, आणि समोरचा भिकार दिसणारा माणूस काय म्हणतोय ते मारायच्या आधी लिहून घ्या. पोरं माना डोलावतात आणि घड्याळाकडे बघतात. मीही तसाच बघायचो.

मालकाच्या गाड्या आता पंधरा झाल्यात असं ऐकतो. सेफ्टी ऑफिसर मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला. ड्रायव्हर सुटून गावी गेला. लायसन्स गेलं, दुसरं काम त्याला येत नव्हतं. थोरल्या पोरीचं ठरलेलं लग्न बाप तुरुंगात म्हणून मोडलं, हे मला त्या दाखला न्यायला आलेल्या पिकअपवाल्यानं सांगितलं. त्या पोरीला कुणी विचारलं तर ती सांगत असेल, माझ्या बापानं बाई मारली. तिनं असं सांगावं अशी व्यवस्था मी एसीत बसून, चहा पीत केली.