नवऱ्याची झोप

छातीत धडधडून मध्यरात्री जाग येते, तेव्हा आधी वाटतं, कुणीतरी दार ठोठावतंय. मग कळतं, हे आपलंच काळीज. डॉक्टर म्हणतात, हृदय ठणठणीत आहे. मी हात छातीवर दाबून उठून बसते आणि शेजारी बघते. नवरा कुशीवर वळून, तोंड किंचित उघडं ठेवून घोरत असतो. मुलीच्या बारावीच्या निकालाच्या आदल्या रात्रीसुद्धा हा असाच घोरत होता. त्याच्या पगाराचा, दाट केसांचा मला कधी हेवा वाटला नाही. या झोपेचा मात्र अगदी जळफळाट होतो. एका पांघरुणाखाली निजलं, तरी झोप काही वाटून घेता येत नाही.

परवा त्याच्याकडे अशीच टक लावून बघत होते आणि घोरणं एकदम थांबलं. माझीच दृष्ट लागली! धावत जाऊन मूठभर मीठ-मोहऱ्या आणल्या आणि अंधारात त्याच्यावरून उतरवू लागले. चार मोहऱ्या त्याच्या गालावर सांडल्या. तो दचकून उठला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. झोप तू."

सकाळी चहा घेताना त्याचे डोळे लाल होते. "त्यानंतर माझा डोळ्याला डोळा लागला नाही," तो म्हणाला, "आणि तू मात्र खुशाल घोरत होतीस!"

त्याची ती नजर मी बरोबर ओळखली. उठले, डब्यातल्या मीठ-मोहऱ्या त्याच्या मुठीत दिल्या आणि म्हटलं, "आता माझी काढ."