अकरा वाजताची बाटली

बोरिवलीच्या डोंगरात तो ओढा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा वाटलं, धडगावच्या आपल्याच रानात उभा आहे. तेच काळे दगड, तसंच गार पाणी. गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. सातवीत शाळा सुटलेल्या मला पाणी तपासायच्या कामावर ओढ्यांचा अभ्यास करणाऱ्या मेधाताईंनी घेतलं, हे उपकारच. हातचं जाऊ नये, एवढीच धास्ती.

ताई ओढ्यांचे गट पाडतात. कुणाचं पाणी जंगलातून येतं, कुणाचं वस्तीतून, ते बघून सारखे ओढे एकत्र. "भावंडांत एकच आजारी पडलं, तर त्यानं वेगळं काय खाल्लं ते शोधायचं," त्या म्हणाल्या. मला हे फार आवडलं.

ओढ्याच्या खालच्या पुलाशी कपडे रंगवायचे गाळे आहेत. तिथली बाटली अकराला भरायची होती. मी दोनदा चुकीच्या बसमध्ये चढलो. पोचलो तेव्हा तीन वाजून गेलेले. पाणी ते पाणीच, म्हणून भरलं आणि चिठ्ठीवर 'अकरा' लिहिलं. माझा चेहरा बघून गाळ्यातल्या काकांनी चहा आणि उसळपाव दिला.

त्या बाटलीत मीठ फार निघालं. गटातल्या दुसऱ्या ओढ्यांत तेवढं नव्हतं.

"रंगाच्या गाळ्यांचंच काम दिसतंय. रंग पक्का करायला मीठ लागतं," ताई म्हणाल्या. मला उसळपाव आठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वर्सोव्याला गेलो. ओढा ज्या खाडीला मिळतो, तिचं तोंड तिथं आहे. वलांडीवर (मासे वाळवायच्या काठ्यांच्या मांडवावर) बोंबील लटकत होते. खाडीत एक नारळ समुद्राकडून आत चालला होता.

"मावशी, पाणी उलटं कसं?" मी बोंबील उतरवणाऱ्या कोळणीला विचारलं.

"अरं बाला, भरती हाय ना! कुठल्या डोंगरावरनं आलास?" ती खळखळून हसली. "दर्या पार रंगाच्या गाळ्यांच्या पुलापर्यंत चढतो."

"काल तीनलाही?"

"कालपन चढतच होता. सकाळी ओहोटीला बघ, मंग तुजा ओढा दिसंल."

म्हणजे माझ्या बाटलीत दर्याचंच मीठ होतं. तिथंच ताईंना सगळं सांगितलं.

"मग अकरा का लिहिलंस रे?"

"भ्यालो, ताई. काम जाईल म्हणून."

"आणि गाळेवाल्यांचं गेलं असतं तर?"



तिसऱ्या दिवशी ओहोटीला पुन्हा पाणी भरलं. मीठ इतर भावंडांइतकंच निघालं. मैला मात्र त्यांच्यापेक्षा जास्त होता, म्हणजे ओढा आजारी होताच; पण कारण आता पुलाच्या वरच्या वस्तीत शोधायचं होतं. ताईंनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "वेळ तूच लिही."

सुट्टीत गावी आलोय. काल आपल्या ओढ्यात पान सोडलं. ते खालीच गेलं. तरी सोडण्याआधी मी घड्याळ बघितलं.